इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला स्टार्टर घरी कसा बदलावा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. गाडी दहा वर्षे जुनी, मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ती सिंहगड रस्त्यावरील सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. पावसाळ्यापासून सकाळी किल्ली फिरवली की एकच ‘टक्’ आवाज येतो, इंजिन फिरत नाही, आणि काही प्रयत्नांनंतर अचानक सेल्फ लागतो, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवतो. गॅरेजवाल्याने स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर, गेल्याचे सांगितले आहे. तो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) खाली बसवलेला असल्यामुळे मजुरीचा आकडा सुट्या भागाच्या किमतीला जाऊन भिडतो आहे. आपल्याकडे गोटी पान्यांचा संच आहे, पान्याची सवय आहे आणि दोन दिवसांची सुट्टी आहे; तर हे काम घरी करावे का आणि कसे, हा आपला प्रश्न.

करता येईल. स्टार्टर काढणे-बसवणे यात फारसे काही नाही: दोन, क्वचित तीन बोल्ट, एक जाड वायर आणि एक बारीक वायर. कष्ट आहेत ते तिथवर पोचण्याचे. इग्निशन कॉइल किंवा बॅटरी यांसारखा हाताशी असलेला भाग अंदाजाने बदलून पाहिला तर अर्धा तास वाया जातो. मॅनिफोल्डखालचा स्टार्टर अंदाजाने बदलला आणि दोष दुसरीकडेच निघाला तर सुट्टी, पॅकिंगचे (जोड हवाबंद करणाऱ्या पट्टीचे) पैसे आणि उमेद असे तिन्ही जाते. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग पाना हातात घेण्याआधी काय करायचे यावरच आहे.

पहिली तपासणी बॅटरीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, दार उघडून दिवे लागण्यापूर्वी शक्य असल्यास, मल्टीमीटरने बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवरचा विद्युत दाब (व्होल्टेज) मोजावा. पूर्ण भारलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास वाचन येते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावून मगच पुढची परीक्षा करावी, कारण अर्धवट भारलेल्या बॅटरीवर घेतलेली सगळी मापे दिशाभूल करतात. त्यानंतर कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून त्याच क्षणी मीटर पाहावा. इंजिन फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. मीटरची टोके वायरच्या क्लॅम्पवर नव्हे, तर बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेवावीत. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्ये साचलेली पांढरी-हिरवी भुकटी हाच दोष असलेल्या गाड्या कमी नाहीत, आणि क्लॅम्पवर टोक ठेवले तर तो दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

आवाजावरूनही बरेच कळते. ‘कट-कट-कट’ असा भरभर आवाज येत असेल तर बहुधा दाब अपुरा आहे: सोलेनॉइड (स्टार्टरवरचा विद्युतचुंबकीय स्विच) ओढला जातो, जड प्रवाह सुरू होताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा चालते. आपल्यासारखा एकच ठसठशीत ‘टक्’ येत असेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे जवळजवळ विझत असतील तर प्रवाह जातो आहे पण तो काम करत नाही, म्हणजे बॅटरी किंवा जोडणी दुबळी आहे, मोटर आतून अडकली आहे किंवा इंजिनच फिरत नाही. दिवे फारसे मंद न होता नुसता ‘टक्’ येत असेल तर सोलेनॉइड सरकला, पण मोटरपर्यंत प्रवाह पोचलाच नाही. तिथे सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळालेले असतात किंवा कार्बन ब्रश झिजून कम्युटेटरला (मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या कड्याला) टेकेनासे झालेले असतात. काही प्रयत्नांनंतर एकदम सेल्फ लागणे हे लक्षण या दुसऱ्या प्रकाराशी चांगले जुळते. आवाजच येत नसेल तर स्टार्टरकडे वळण्याआधी रिले, फ्यूज, क्लच पेडलचा स्विच आणि किल्लीचा स्विच तपासावा. नुसतीच मोटर गरगर फिरल्याचा आवाज आला आणि इंजिन हलले नाही, तर पिनियनचा (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकाचा) एकदिशा क्लच घसरतो आहे असे समजावे.

यानंतरची परीक्षा बहुतेक ठिकाणी केली जात नाही, आणि पुण्याच्या पावसाळ्यानंतर तीच सर्वात महत्त्वाची ठरते. स्टार्टरला जाणारा प्रवाह जाड लाल वायरने जातो आणि इंजिनाच्या धातूमधून, अर्थिंगच्या पट्टीने, बॅटरीकडे परत येतो. लहान पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर १०० अँपिअरहून अधिक, सुरुवातीच्या क्षणी त्याच्या काही पट प्रवाह ओढतो. इतक्या प्रवाहात गंजलेल्या वायसरखालचा नगण्य वाटणारा रोधसुद्धा एक-दोन व्होल्ट खाऊन टाकतो. म्हणून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ उघड्या धातूवर टेकवून किल्ली फिरवावी, वाचन ०.३ व्होल्टच्या आत असावे. मग एक टोक धन खुंटीवर आणि दुसरे स्टार्टरच्या जाड वायरच्या नटवर टेकवून तेच करावे; तिथे ०.५ व्होल्टपर्यंत चालते. स्टार्टरचा नट वरून दिसत नसेल तर एअर फिल्टरचा डबा काढून गिअरबॉक्सच्या बाजूने लांब टोकाचा प्रोब बहुधा पोचतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे जम्प स्टार्टची काळी केबल बॅटरीच्या ऋण खुंटीपासून थेट इंजिनाच्या एखाद्या भक्कम ब्रॅकेटला लावून सेल्फ मारून पाहणे. त्याने गाडी झटकन सुरू होऊ लागली तर स्टार्टर निर्दोष आहे, अर्थिंगची पट्टी बदला आणि सुट्टी मजेत घालवा.

हे सर्व दोष हजर असताना, म्हणजे सकाळीच मोजावे. गाडी नीट सुरू होत असताना घेतलेली मापे चांगलीच येणार, आणि त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. शेवटी सोलेनॉइडच्या बारीक वायरवर किल्ली फिरवताना दहा व्होल्टहून अधिक दाब येतो का, हेही पाहावे. तिथे पुरेसा दाब आहे, जाड वायरच्या नटवर आणि अर्थिंगमध्ये व्होल्टची गळती वरच्या मापांपेक्षा जास्त नाही, आणि तरीही मोटर फिरत नाही, एवढे एकत्र आले की स्टार्टरवर शिक्कामोर्तब झाले.

आणखी एक गोष्ट मला मुद्दाम विचारायची आहे, कारण आपली गाडी सिंहगड रस्त्यावर उभी असते. २५ जुलै २०२४ रोजी मुठेचे पाणी एकतानगरी परिसरात शिरले, तेव्हा तिथल्या कित्येक गाड्या पाण्यात होत्या. आपली गाडी तेव्हा किंवा नंतर चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिली असेल, तर स्टार्टरच्या आतले बुश आणि संपर्क गंजल्याची शक्यता पुष्कळ आहे. परंतु पाणी एअर फिल्टरपर्यंत चढले असेल आणि त्यानंतर इंजिन ‘टक्’ करून अडत असेल, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारणे ताबडतोब थांबवावे. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर ढकलला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असा संशय असल्यास स्पार्क प्लग काढून, क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन फिरण्याच्याच दिशेने हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तरच पुढे जावे.

स्टार्टरला हातोडीच्या दांड्याने ठोकून बघण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी दिलेलाच असेल. ब्रश अडकलेले असतील तर त्याने गाडी एकदा-दोनदा सुरू होते, हे खरे. पण आताच्या बहुतेक छोट्या स्टार्टरमध्ये तारेची गुंडाळी असलेल्या क्षेत्र-कॉइलऐवजी फेराइटचे कायमचे चुंबक असतात आणि ते ठिसूळ असतात. जोराचा फटका बसला की चुंबकाचा टवका उडून आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्यात) अडकतो आणि दुरुस्त होऊ शकणारा स्टार्टर भंगारात जातो. अडचणीत, एकदा, हलक्या हाताने ठोकणे ठीक. त्याची सवय करू नये.

निदान झाल्यावर वाटेचा विचार. मॅनिफोल्ड न काढता स्टार्टर खालून ओढून काढता येतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि काही गाड्यांत ते खरेही असते. ठरवण्याची रीत अशी की, काहीही न खोलता आधी दोन्ही बोल्टांवर गोटी नीट बसते का, हे मोबाइलचा कॅमेरा आणि छोटा आरसा वापरून पाहावे. एक बोल्ट सहसा गिअरबॉक्सच्या बाजूने आणि दुसरा इंजिनाच्या बाजूने आत जातो. दोन्ही गाठता आले तरी काम अर्धेच झाले, कारण सुटलेला स्टार्टर बाहेर कोठून येणार हा प्रश्न उरतोच. त्यासाठी नव्या स्टार्टरच्या मापाचा पुठ्ठ्याचा डबा करावा आणि तो पाइप, ड्राइव्ह शाफ्ट आणि क्रॉस मेंबर यांच्यामधून सरकतो का ते पाहावे. पुठ्ठा अडकला तर लोखंड अडकणारच. माझे मत विचाराल, तर मॅनिफोल्ड मागच्या बाजूला असलेल्या गाडीत तो सरळ काढावा. खालून काम करताना गाडी उंच उचलावी लागते, हात डोक्याच्या वर धरून तीन-चार किलोंचा गोळा पेलावा लागतो आणि दहा वर्षांची माती डोळ्यांत पडते. वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. मॅनिफोल्ड काढला की वरून दिसते, वरून उचलता येते, आणि त्याखाली दडलेल्या इतर वस्तूही हाताशी येतात. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

मात्र तीन परिस्थितींत मी घरी हे काम करू नका असे सांगेन. गाडीला सीएनजी असेल आणि सिलिंडरपासून रेग्युलेटरकडे येणारा उच्च दाबाचा पाइप वाटेत येत असेल तर तो घरी खोलू नये. भरलेल्या सिलिंडरचा दाब २०० बारच्या घरात असतो. पार्किंग तळघरात असेल आणि आपल्या इंजिनात फ्यूएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) सोडवल्याशिवाय मॅनिफोल्ड निघत नसेल तरीही नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद तळघरात ती जमिनीलगत साचून राहते. आणि गाडी उताराच्या रॅम्पवर उभी असेल तर आधी ती सपाट जागी न्यावी. आपले पार्किंग उघडे आहे, ही चांगली गोष्ट. सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी कल्पना द्यावी आणि खाली जुने ताडपत्रीचे तुकडे अंथरावेत. फरशीवर सांडलेल्या कूलंटवरून होणारे वाद इंजिनाच्या कामापेक्षा जास्त लांबतात.

सामान आधी जमवावे, गाडी खोलून मग दुकान शोधायला निघू नये. चॅसी क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याच्या पार्ट काउंटरवर स्टार्टर आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा क्रमांक काढून घ्यावा, आणि तो क्रमांक हातात घेऊन नाना पेठेतल्या दुकानांमध्ये चौकशी करावी. मॅनिफोल्डचे पॅकिंग नवेच हवे. रबराचे जुने पॅकिंग दहा वर्षांत चपटे होऊन कडक झालेले असते आणि पुन्हा बसवले की कडेने हवा ओढू लागते. याशिवाय रॅचेट, ७५ आणि २५० मिलिमीटरची एक्स्टेंशन, एक युनिव्हर्सल जॉइंट, १०, १२ आणि १४ नंबरच्या लांब गोट्या, टॉर्क रेंच, दांडीवरचे चुंबक आणि डोक्याला लावायचा दिवा एवढे हवे. टॉर्क रेंच कोणाकडून तरी उसना मिळाला तरी चालेल, पण त्यावाचून काम करू नये. गंज सैल करणारे द्रव्य आदल्या रात्रीच स्टार्टरच्या बोल्टांच्या मुळाशी फवारून ठेवावे.

कामाला लागताना इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीचा ऋण क्लॅम्प आधी काढावा. धन आधी काढताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ऋण काढताना टेकला तर काहीच बिघडत नाही. पुढच्या जोडण्या सोडवण्याआधी काही मिनिटे थांबावे, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेतला साठलेला भार उतरतो. मग एअर फिल्टरचा डबा, त्याची नळी आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) या क्रमाने वाट मोकळी करावी. थ्रॉटल बॉडीमधून कूलंटच्या बारीक नळ्या जात असतील तर त्या चिमट्याने दाबून धराव्यात, सगळे कूलंट उपसण्याची गरज पडत नाही. प्रत्येक पायरीला फोटो घ्यावा, आणि फोटोपेक्षाही उपयोगी गोष्ट म्हणजे पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवणे. मॅनिफोल्डचे बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो, आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

इंधनाच्या बाबतीत एक पेच आहे. दाब उतरवण्याची नेहमीची रीत म्हणजे पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करायचे आणि ते आपोआप बंद पडू द्यायचे. आपला स्टार्टरच आजारी असल्यामुळे ही गोष्ट आदल्या संध्याकाळी, तो चुकून लागेल तेव्हा, किंवा दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट करून उरकून घ्यावी. त्याआधी एक पाहावे: पुष्कळ इंजिनांत इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये नसून हेडमध्ये (सिलिंडरांच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागात) बसवलेले असतात आणि फ्यूएल रेल जागेवर ठेवूनच मॅनिफोल्ड निघतो. तसे असेल तर रेलला हातच लावू नये.

मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला त्याला ब्लॉकशी बांधणारी आधाराची पट्टी असते. वरचे सगळे बोल्ट काढूनही मॅनिफोल्ड हलत नाही, तेव्हा नव्या माणसाचा हात टॉमीकडे (उचकटायच्या लोखंडी दांडीकडे) जातो. टॉमी लावू नये. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड जोर लावल्यावर निघत नाही, तडकतो. जे हलत नाही ते कशाने तरी धरलेले असते. बोटे फिरवून ती पट्टी, एखादा वायरचा क्लिप किंवा ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी शोधून काढावी. मॅनिफोल्ड बाहेर आल्यावर लगेच हेडच्या चारही तोंडांत स्वच्छ फडके कोंबावे आणि चार फडकी कोंबली हे पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. त्या तोंडातून पडलेला छोटा वायसर सरळ व्हॉल्व्हवर जाऊन बसतो आणि मग स्टार्टरचे काम हेड उतरवण्याच्या कामात बदलते. गोटी आणि एक्स्टेंशनच्या सांध्यावर चिकटपट्टीचा एक वेढा दिला, तर गोटी आत राहून नुसते एक्स्टेंशन हातात येण्याचा त्रासही टळतो.

आता स्टार्टर समोर आहे. आधी जाड वायरवरची रबरी टोपी सरकवून तिचा नट काढावा, मग बारीक वायरचा कनेक्टर. दहा वर्षांच्या उष्णतेने कनेक्टरची कडी बिस्किटासारखी झालेली असते, म्हणून ती उचकटण्याऐवजी दाबून, थोडे आत ढकलून मग ओढावी. स्टार्टरचे बोल्ट सोडवताना झटका न देता लांब दांड्याने सलग जोर द्यावा आणि बोल्ट करकरला तर अर्धा फेरा परत आवळून पुन्हा सोडवावा. गिअरबॉक्सची बेल हाउसिंग (इंजिनाला जोडणारे, क्लच झाकणारे आवरण) ॲल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादी असल्याने तिथे पांढरा गंज धरतो. शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्या हाताने स्टार्टरला आधार असावा. तो निघाला की मोकळ्या भोकातून दिवा टाकून फ्लायव्हीलचा रिंग गिअर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो ते मोठे दातेरी कडे, पाहावा. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांपैकी एकीवरच थांबते, म्हणून दातांची झीजही तिथेच एकवटते. पाचव्या गिअरमध्ये गाडी हळू पुढे ढकलून सगळे दात पाहून घ्यावेत. काही दात टोकाला गोलसर झाले असतील तर चालते. तुटलेले असतील तर नवा पिनियनही लवकरच खराब होईल आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार करावा लागेल.

नवा घ्यावा की जुनाच दुरुस्त करावा, याचे उत्तर मी बहुतेकांना वेगळे देतो. हाताशी असलेल्या स्टार्टरला ब्रश आणि सोलेनॉइडचे संपर्क बदलून, कम्युटेटर घासून, नवे बुश टाकून पुन्हा बसवणे हा उत्तम आणि स्वस्त मार्ग आहे. पुण्यात हे काम चोख करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन अजूनही आहेत. पण मॅनिफोल्डखालच्या स्टार्टरबाबत मी नामांकित कंपनीचा नवा स्टार्टर घ्या असे म्हणतो, कारण इथे महाग आहे ते पोचणे, आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच करायचे नसते. पेटीवर नुसते नाव छापलेले, वजनाला हलके आणि किमतीला निम्मे असे जे मिळते, ते या जागी अजिबात लावू नये. आपण दुरुस्तीच करून घेणार असाल तर एवढे पाहावे की पिनियनचा एकदिशा क्लच पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून धुतला जाणार नाही. त्याच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस असते, ते निघून गेले की तो घसरू लागतो. गाडीला सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा असेल, तर तिचा स्टार्टर आणि बॅटरी दोन्ही त्या कामासाठी मजबूत केलेले असतात. तिथे साधा स्टार्टर बसतो, चालतोही, पण टिकत नाही.

नवा आणि जुना शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजावेत, बोल्टांच्या भोकांमधले अंतर, नाकाची लांबी, फिरण्याची दिशा आणि कनेक्टरचे तोंड जुळते का ते पाहावे. मग नवा स्टार्टर व्हाइसमध्ये घट्ट पकडून, जम्प केबलने क्षणभर फिरवून घ्यावा. व्हाइस नसेल तर हे दुकानातच करून घ्यावे, हातात धरून करू नये. सुरू होताना तो जोरात उसळी मारतो. पेटीतून निघालेला नवा स्टार्टरही क्वचित सदोष असतो, आणि ते मॅनिफोल्ड परत बसवल्यावर कळण्यात काही हशील नाही.

बसवण्याआधी बेल हाउसिंगवरची टेकण्याची जागा तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासावी. स्टार्टरचा परतीचा प्रवाह त्याच्या अंगातून आणि याच जागेतून जातो, त्यामुळे तिथे रंग, सीलंट किंवा जाड ग्रीस लावू नये. पिनियनच्या आट्यांवर हौसेने ग्रीस थापणारेही असतात. त्यावर क्लच प्लेटची भुकटी चिकटून पिनियन अडकतो. बोल्ट आधी बोटांनी निम्मे आत जातात याची खात्री करूनच रॅचेट लावावे. आवळण्याचे माप आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्यावे. एम-१० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला ॲल्युमिनियममध्ये साधारणपणे ४० ते ५० न्यूटन-मीटर असते. जाड वायरच्या नटला मात्र त्याच्या पाव हिस्सादेखील पुष्कळ होतो. तो नट तांब्याच्या खुंटीवर असतो. जास्त जोर दिला की खुंटी आतल्या आत फिरते आणि नवा सोलेनॉइड पहिल्या दिवशीच निकामी होतो. नट बसल्यावर रबरी टोपी परत चढवायला विसरू नये.

मॅनिफोल्ड परत चढवण्याआधी तिथे थोडा वेळ थांबावे. फायरवॉलकडे जाणाऱ्या हीटरच्या नळ्या, क्रँककेसच्या वाफेची नळी, ऑइल प्रेशरचा स्विच, नॉक सेन्सर हे सगळे आत्ताच दिसते आहे. नळी बोटांनी दाबल्यावर कडक किंवा चिरलेली लागली तर आत्ताच बदलावी, ती स्वस्त असते. सेन्सर मात्र चालू असेल तर उगाच बदलू नये. वरून, रॉकर कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपून स्टार्टरवर पडत होते का, तेही पाहावे. जुन्या स्टार्टरचे ब्रश ऑइलने माखलेले असतील तर त्याच्या मरणाचे कारण तेच आहे आणि ते पॅकिंग बदलल्याशिवाय नव्याचीही गत तीच होईल. मागच्या हारनेसवर (वायरींच्या जुडग्यावर) उंदराने दात मारले आहेत का, हेही पाहून घ्यावे. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येऊन बसणारे उंदीर पुण्याच्या पार्किंगमध्ये नवीन नाहीत.

चारही फडकी काढली हे पुठ्ठ्यावर खूण करून मग नवे पॅकिंग बसवावे. मॅनिफोल्डचे बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळावेत. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला २० न्यूटन-मीटरच्या आसपासचे माप असते आणि अंदाजाने जास्त आवळल्यास तो बोल्टाजवळ तडकतो. सगळ्या नळ्या आणि कनेक्टर फोटोशी ताडून लावावेत, बॅटरीचा धन क्लॅम्प आधी आणि ऋण नंतर. रेल सोडवली असेल तर सेल्फ मारण्याआधी किल्ली ‘ऑन’वर दोन-तीनदा नेऊन पंपाला दाब भरू द्यावा आणि जोडांपाशी पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर इंजिन थोडे वर-खाली चालले तर घाबरू नये. बॅटरी सुटल्यामुळे कंट्रोल युनिटला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची आयडलची (ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या संथ गतीची) जागा पुन्हा शिकावी लागते. ॲक्सिलरेटरला हात न लावता दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवले की बहुतेक गाड्या ताळ्यावर येतात, काहींना स्कॅनर लागतो. तेवढ्यानेही आयडल चढाच राहिला आणि मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ ‘स्स’ असा आवाज येत असेल तर पॅकिंग सरकले आहे किंवा एखादी व्हॅक्यूम नळी राहिली आहे. कूलंटच्या नळ्या सोडल्या असतील तर इंजिन थंड झाल्यावर पातळी पाहून भर घालावी. सेल्फ मारताना सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावा, हे नव्या स्टार्टरलाही लागू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, आधीचीच दोन्ही व्होल्ट-गळतीची मापे पुन्हा घेऊन वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.

जुना स्टार्टर लगेच भंगारात देऊ नये. काही विक्रेते तो परत घेऊन किमतीत सूट देतात. सूट मिळत नसेल तर तो दुरुस्त करून घ्यावा आणि कोरड्या जागी ठेवावा. त्याच इंजिनाची गाडी शेजारीपाजारी कोणाकडे तरी असतेच.